राइट ऑफ वे : वाट आणि वाटेचा हक्क

इंग्रजीतील काही शब्दप्रयोग आपल्या व्यवहारात इतके मुरले आहेत की, ते परके आहेत ह्याची आठवणही आपणांस राहत नाही. 'राइट ऑफ वे' हा त्यांपैकीच एक. महामार्गाच्या कामावरील अभियंता तो वापरतो, वाहन चालविण्यास शिकविणारा शिक्षक वापरतो, आणि तहसील कचेरीबाहेर झाडाच्या सावलीत बसलेला अर्जनवीसही वापरतो. तिघेही आपापल्या परीने बरोबर असतात; पण तिघांचा अर्थ मात्र एक नसतो. हाच शब्दप्रयोग जेव्हा कागदावर उतरतो, आणि विशेषतः मराठी कागदावर उतरतो, तेव्हा कोणता अर्थ धरावयाचा हा प्रश्न उभा राहतो. त्या प्रश्नाविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत. विषय वरवर व्याकरणाचा वाटेल. परंतु ह्या व्याकरणाच्या पोटात कोणाच्या तरी शेताला जाणारी वाट दडलेली असते, आणि शब्द चुकला तर ती वाटही चुकते.

मला ह्याची जाणीव प्रथम झाली ती जनवाड्याला. जनवाडा हे बीदर तालुक्यातील गाव. ह्या मुलखात माणसाच्या कानावर एकाच दिवशी चार भाषा पडतात. घरात मराठी, कचेरीत कानडी, आजोबांच्या पेटीतील कागदपत्रांत निजामी अमदानीतली उर्दू आणि वकिलाच्या टेबलावर इंग्रजी. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यांची फेररचना झाली तेव्हा जुन्या हैदराबाद संस्थानातील बीदर जिल्ह्याचे उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके मुंबई राज्याकडे गेले, आणि बीदर, भालकी, हुमनाबाद हा भाग म्हैसूर राज्यात आला. नकाशावर रेघ ओढली गेली. परंतु सोयरीक, शेती आणि भाषा ही काही रेघ पाहून चालत नाहीत. त्यामुळे कागदांची भाषा एक, बोलण्याची दुसरी आणि न्यायाची तिसरी असा प्रकार ह्या भागात नवा नाही.

माझे एक वृद्ध आप्त तेथे राहत असत. त्यांचे शेत दुसऱ्याच्या शेतामागे होते आणि तिकडे जाण्याची गाडीवाट शेजाऱ्याच्या धुऱ्याच्या कडेने जात असे. दोन पिढ्या त्या वाटेने बैलगाड्या गेल्या, कडब्याचे भारे आले, तुरीची पोती आली. कोणी कोणास कधी विचारले नाही आणि कोणी कोणास कधी अडविले नाही. पुढे शेजाऱ्याच्या मुलांनी शेताला तारेचे कुंपण घालावयाचे ठरविले. शेजारी सज्जन गृहस्थ. पुढे मुलांत कटकट नको म्हणून त्यांनी होऊन सांगितले की, वाटेचा एक कागद करून ठेवू. दोघे मिळून तालुक्याला गेले, एका टंकलेखकाकडून इंग्रजीत कागद करविला, दोघांनी सह्या केल्या आणि पेढे वाटले.

मी गेलो तेव्हा तो कागद त्यांनी मोठ्या कौतुकाने माझ्यापुढे ठेवला. "वाच लेकरा, आता वाट पक्की झाली," असे ते म्हणाले. मी वाचला. त्यातील मुख्य वाक्याचा अर्थ असा होता : 'माझ्या जमिनीतून ये-जा करण्यास मी शेजाऱ्यांस परवानगी देत आहे.' 'ॲक्सेस' हा शब्द त्यात ऐटीत बसविला होता. 'परवानगी' हाही होता. नव्हता तो फक्त एक शब्द : हक्क. वाट पक्की करावयास गेलेल्या ह्या दोन भल्या माणसांनी ती कागदावर कच्ची करून आणली होती.

हे असे का, हे समजण्यासाठी आधी 'राइट ऑफ वे' ह्या शब्दप्रयोगाचे तीन अर्थ वेगळे करावे लागतात.

पहिला आणि मूळ अर्थ म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्याचा हक्क. येथे 'राइट' म्हणजे हक्क आणि 'वे' म्हणजे वाट. जमीन शेजाऱ्याचीच राहते. तिचा कर तो भरतो, तिच्यावरील झाड त्याचे. परंतु तिच्यावरून जाण्याचा हक्क मात्र माझा असतो. इंग्रजी कायद्यात अशा हक्कास 'ईझमेंट' म्हणतात. मराठीत त्यासाठी 'सुविधाधिकार' असा शब्द योजिला आहे, हिंदीत 'सुखाचार' म्हणतात, आणि उर्दूत 'हक-ए-आसाइश' असा मोठा गोड शब्द आहे. आपल्या लोकांच्या तोंडी मात्र ह्याहून जुना आणि ह्याहून सरळ शब्द आहे : वहिवाट. आपल्या जुन्या खरेदीखतांत जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप ह्यांच्या मालिकेनंतर 'जाण्यायेण्याच्या वहिवाटीच्या हक्कासह' असे शब्द येतात. ती निव्वळ लेखनिकाची लकब नव्हे. जमिनीबरोबर तिच्या वाटेचा हक्कही नव्या मालकाकडे जातो, हे तत्त्व त्या एका ओळीत साठविले आहे.

दुसरा अर्थ जमिनीच्या पट्ट्याचा. रस्ता, लोहमार्ग, विजेची तार किंवा तेलाची नळी ज्या पट्ट्यातून जाते त्या पट्ट्यालाच अभियंते 'राइट ऑफ वे' म्हणतात. अमुक महामार्गाचा 'राइट ऑफ वे' इतके मीटर आहे, असे ते सांगतात. येथे हक्क हा शब्द जमिनीच्या रुंदीत विरघळून गेला आहे. मराठीत येथे 'रस्त्याची हद्द' किंवा 'मार्गाची हद्द' म्हणावे. दूरसंचाराच्या तारा आणि मनोरे ह्यांच्यासाठी २०२३ च्या दूरसंचार कायद्याखाली जे 'राइट ऑफ वे' नियम २०२४ साली करण्यात आले आणि १ जानेवारी २०२५ पासून अमलात आले, त्यांत मात्र हद्द नव्हे तर तारा नेण्याची आणि मनोरे उभारण्याची मुभा अभिप्रेत आहे. म्हणजे एकाच शब्दाने कोठे पट्टा, तर कोठे मुभा. भाषांतर करणाऱ्याने पुढचे-मागचे वाक्य पाहिल्यावाचून लेखणी उचलू नये ती ह्यासाठी.

तिसरा अर्थ वाहतुकीचा. चौकात दोन वाहने समोरासमोर आली असता आधी कोणी जावयाचे, हा प्रश्न. सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्यास आधी जाऊ द्यावे, असा आपल्याकडील संकेत आहे. तेथे ज्याने आधी जावयाचे त्याला 'राइट ऑफ वे' आहे, असे इंग्रजीत म्हणतात. मराठीत येथे 'हक्क' म्हटले की अर्थ बिघडतो, कारण हक्क म्हटला की माणूस तो गाजवू लागतो. येथे शब्द हवा 'अग्रक्रम', आणि क्रियापद हवे 'वाट देणे'. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्यास मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या १९४ ई ह्या कलमान्वये सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. तेथेही कायद्याचा भर रुग्णवाहिकेच्या ऐटीवर नाही, आपल्या कर्तव्यावर आहे. जाता जाता एक लहानशी सूचना : 'राइट' शब्द दिसताच 'उजवा' लिहिण्याचा मोह आवरावा. 'राइट ऑफ वे' म्हणजे उजवीकडची वाट नव्हे.

हे तीन अर्थ ध्यानी धरले म्हणजे पुष्कळसा गोंधळ दूर होतो. आता पहिल्या अर्थाकडेच परत येऊ, कारण सामान्य माणसाचे हिताहित त्यात अधिक गुंतलेले आहे.

वाटेचा हक्क अनेक प्रकारे निर्माण होतो. मालकाने तो रीतसर लिहून दिला तर होतो. एकाच जमिनीच्या वाटण्या झाल्या आणि एका वाटणीस जाण्यास दुसरीतून गेल्याखेरीज मार्गच उरला नाही, तर गरजेपोटी होतो. आणि ती गरज संपली की तो हक्कही संपतो. पण खेड्यापाड्यांत बहुतेक वाटा जन्माला येतात त्या दीर्घ वहिवाटीने. ह्याविषयी १८८२ चा ईझमेंटचा कायदा आणि १९६३ चा मुदतीचा कायदा ह्या दोहोंची भाषा जवळजवळ एकच आहे. वाटेचा उपभोग शांततेने, उघडपणे, खंड न पडता, वीस वर्षे आणि हक्क म्हणून घेतलेला असला पाहिजे. जमीन सरकारची असेल तर वीसच्या जागी तीस वर्षे लागतात. आणि ज्या काळात वाट बंद पडली त्यानंतर स्वस्थ बसूनही चालत नाही. दावा लावण्यापूर्वीच्या दोन वर्षांच्या आत तो वीस वर्षांचा काळ येऊन टेकला पाहिजे.

ह्या सर्व अटींत कळीची अट शेवटची : 'हक्क म्हणून'. इंग्रजीत तिला 'ॲज ऑफ राइट' असे तीन छोटे शब्द आहेत. रोमन लोकांनी हीच गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वी तीन नकारांनी सांगून ठेवली : बळाने नव्हे, चोरून नव्हे, आणि मागून नव्हे. पहिले दोन नकार कोणासही पटतात. तिसरा मात्र आपल्या संस्कारांना चमत्कारिक वाटतो. शेजाऱ्याला विचारून जाणे ही तर सभ्यता. मग विचारले म्हणून हक्क कसा जाईल? परंतु कायद्याचे म्हणणे असे की, जो दररोज विचारून जातो तो स्वतःच सांगत असतो की ही वाट माझी नाही. ज्याने परवानगी दिली त्याला ती काढूनही घेता येते. कायद्यात ह्या परवानगीला 'लायसेन्स' असे वेगळे नाव आहे. ती सामान्यतः व्यक्तीपुरती असते, दुसऱ्यास देता येत नाही, आणि काही अपवाद सोडले तर देणारा ती रद्द करू शकतो. हक्क जमिनीला चिकटलेला असतो; परवानगी माणसाच्या मर्जीला चिकटलेली असते. माणूस गेला, की मर्जीही गेली.

माझ्या आप्तांच्या कागदात हेच घडले होते. दोन पिढ्यांची गाडीवाट ती हक्काची म्हणून चालत आली होती. तीच आता शेजाऱ्याच्या परवानगीने चालत आहे, असे दोघांनी लेखी कबूल करून दिले होते. उद्या वाद न्यायालयात गेला असता, तर ह्याच कागदाने त्यांचा पक्ष डळमळीत केला असता. शेजाऱ्याने लबाडी केली नव्हती. टंकलेखकानेही केली नव्हती. 'ॲक्सेस' हा शब्द भारदस्त दिसला, म्हणून त्याने तो घातला, आणि 'परवानगी' हा सभ्य दिसला, म्हणून तोही घातला. शब्दांच्या सभ्यपणाने माणसे कशी फसतात, त्याचा हा नमुना.

'ॲक्सेस' ह्या शब्दाचा तरी दोष काय? दोष असा की, तो जाण्याची सोय सांगतो, जाण्याचा आधार सांगत नाही. खिडकीतूनही आत जाता येते. म्हणून खिडकी हे दार होत नाही. एखाद्या शेताला 'ॲक्सेस आहे' असे लिहिले, तर तेथे पोहोचता येते एवढेच कळते. हक्काने, परवानगीने, की आज कोणी अडवीत नाही म्हणून, हे कळत नाही. जमिनीच्या जाहिरातीत ते खपून जाते. खरेदीखतात ते खपू देऊ नये. शिवाय मराठीत हा शब्द लिहिताना आणखी एक अपघात घडतो. 'ॲ' ऐवजी 'ए' लिहिला की 'ॲक्सेस'चा 'एक्सेस' होतो, आणि तो इंग्रजीतील अगदी निराळा शब्द आहे. रेल्वेत जादा भाडे भरावे लागते ते 'एक्सेस फेअर'. म्हणून शेताला 'एक्सेस रोड' आहे असे लिहिणारा, न कळत, शेताला जादा रस्ता आहे असे लिहून जातो. ज्याला एकही रस्ता नाही त्याच्या अर्जात हे वाचावयास मिळाले, तर हसावे की रडावे हे समजत नाही.

इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठी दोन बारीक गोष्टी सांगून ठेवतो. वाटेचे हक्क एकाहून अधिक असले, तर अनेकवचन 'राइट'चे करावे, 'वे'चे नव्हे : 'राइट्स ऑफ वे'. कारण अनेक आहेत ते हक्क. आणि ह्या शब्दप्रयोगापुढे दोन शब्दयोगी अव्यये यावयास हवीत : 'ओव्हर' आणि 'टू'. कोणाच्या जमिनीवरून, हे पहिले सांगते. कोणत्या जमिनीकडे, हे दुसरे. मराठीतही 'वरून' आणि 'कडे' ही जोडी सुटता कामा नये. हक्क एका जमिनीवर असतो आणि दुसऱ्या जमिनीसाठी असतो. दोन्ही सर्वे नंबर लिहिले नाहीत, तर तो हक्क अधांतरी लोंबकळतो.

वाट कोणत्या प्रकारची, हेही लिहावे. इंग्रजीतील 'वे' हा शब्द मोघम आहे. मराठी ह्या बाबतीत अधिक श्रीमंत आहे. पायवाट, गाडीवाट, पाणंद, शिवरस्ता हे शब्द म्हणजे एकाच गोष्टीची चार नावे नव्हेत. रोमन कायद्यात पायी जाण्याचा, गुरे वा गाडी हाकण्याचा आणि पक्क्या रस्त्याचा, असे हक्क निरनिराळे मानीत. आपल्या १८८२ च्या कायद्यातही स्पष्ट म्हटले आहे की, एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारचा हक्क येत नाही. ज्याची पायवाट आहे त्याने तीवरून ट्रॅक्टर नेतो म्हटले, तर ते चालणार नाही. बीदरकडील कानडी गावनकाशांतही हाच विवेक दिसतो. पायवाट ती 'कालुदारी', गाडीवाट ती 'बंडीदारी', आणि नकाशावर दाखविलेली वाट ती 'नकाशे कंड दारी'. कानडीत 'दारी' म्हणजे वाट. आपल्या मराठी कानाला तो शब्द 'दाराशी' असा ऐकू येतो. सीमेवरचा शेतकरी दोन्ही अर्थ जाणतो, आणि वाट अडली की पाऊल दाराशीच थांबते हेही जाणतो.

महाराष्ट्रातील शेतकऱ्यांसाठी तर क्रियापदावर सारे अवलंबून असते. पूर्वीची वाट कोणी अडविली असेल, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या पाचव्या कलमाखाली अडथळा दूर करण्याची मागणी करता येते. ती अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत केली पाहिजे. वाटच नसेल आणि ती हवी असेल, तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे १४३ वे कलम आहे. त्यानुसार दुसऱ्याच्या सर्वे नंबरच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून, जाण्याच्या हक्काची चौकशी तहसीलदार करतो, आणि निर्णय देताना शेतकऱ्याला आपल्या शेतापर्यंत वाजवी रीतीने पोहोचता यावे, ह्या गरजेकडे त्याने लक्ष द्यावयाचे असते. हा निर्णय मान्य नसेल, तर एका वर्षाच्या आत दिवाणी दावाही लावता येतो. म्हणजे अर्जात 'वाट मोकळी करून मिळावी' लिहिले तर एक मार्ग, आणि 'वाट मिळावी' लिहिले तर दुसरा. ज्याची वाट आजोबांपासून आहे त्याने 'नवीन रस्ता मिळावा' असा अर्ज केला, की आपली जुनी वाट नव्हतीच, असे त्याने आपल्या हाताने लिहून दिल्यासारखे होते. 'बांधावरून' आणि 'शेतातून' ह्या दोन शब्दांतही असाच फरक आहे. कित्येक अर्ज ह्या फरकाच्या अज्ञानामुळे वर्षानुवर्षे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर हिंडत राहतात. जनवाड्यासारख्या गावांतील कित्येकांची जमीन लातूर जिल्ह्यात आहे, आणि तिकडील कित्येकांची बीदरमध्ये. तेव्हा अर्ज लिहिण्यापूर्वी जमीन रेघेच्या कोणत्या बाजूस आहे हे पाहावे. कर्नाटकात महसुलाचा कायदा निराळा, १९६४ चा, आहे.

हक्क आणि परवानगी ह्यांतील हे अंतर केवळ बांधापुरते नाही. महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट ह्याच अंतराची आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले असावेत, असा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली केला होता. तरीही १९२७ च्या मार्च महिन्याच्या २० तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यावे लागले. विनंती करून कोणी घागरभर पाणी वाढले असते, तर तहान भागली असती. परंतु प्रश्न तहानेचा नव्हता, हक्काचा होता. पुढे दहा वर्षे दावा चालला, आणि इतरांस तळ्यावर येण्यास मज्जाव करण्याची अनादी काळापासूनची रूढी सिद्ध होत नाही, असा निर्णय १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने दिला. भारताच्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे ह्यांतील प्रवेश आणि विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते ह्यांचा वापर ह्यांविषयी जे लिहिले आहे, त्याच्या मागे असे इतिहास आहेत. तेथील इंग्रजी मजकुरात 'ॲक्सेस' हाच शब्द आहे. परंतु तो मूलभूत हक्कांच्या भागात आहे, म्हणून त्याला वजन आहे. शब्द तोच, हक्काच्या घरात बसला म्हणजे तो राजा, आणि मर्जीच्या घरात बसला म्हणजे याचक.

आता पुन्हा जनवाड्याकडे वळू. मी माझ्या आप्तांना कागदातील उणीव समजावून सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पण त्यानं तर मनापासून दिलं ना?" मी म्हटले, "मनापासून दिलं, पण जे तुमचंच होतं ते दिलं." संध्याकाळी शेजारी आले. त्यांना हे कसे सांगावे ह्याची मला धास्ती होती. दिलेल्या वस्तूत खोट काढणे हे कोणालाही लागते. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि सरळ सांगितले की, "परवानगी देणारा मी कोण? माझे वडील सांगत, ती वाट त्यांची आहे."

ह्यावर सगळे काही तात्काळ सुरळीत झाले असे मात्र नाही. हक्क लिहावयाचा म्हटल्यावर शेजाऱ्यांनाही विचार पडला, आणि तो रास्त होता. बैलगाडी ठीक, पण आता ट्रॅक्टर येणार, उद्या मळणीचे मोठे यंत्र येणार. उभ्या पिकातून चाके गेली तर? दोन बैठका ह्या एका प्रश्नावर झाल्या. अखेरीस दोघांच्या संमतीने नवा कागद झाला. त्यात दोन्ही सर्वे नंबर होते. वाट पूर्वेकडील धुऱ्याच्या कडेने, पश्चिमेस वळून मागच्या शेताकडे, असे लिहिले होते. ती किती हात रुंद, हे होते. बैलगाडी आणि ट्रॅक्टर ह्यांची गाडीवाट, असे होते. मोठे यंत्र फक्त पीक निघाल्यावर, असेही होते. ही वाट दोन पिढ्यांपासून हक्काने वहिवाटीत आहे, आणि तो हक्क मागच्या जमिनीसोबत तिच्या पुढील मालकांकडे जाईल, असे स्पष्ट शब्दांत होते. आधीचा परवानगीचा कागद गैरसमजाने झाला असून तो दोघांनी रद्द केला आहे, हेही लिहावयास विसरलो नाही. आणि स्थावरातील हक्काचा कागद नुसता सह्यांनी पुरा होत नाही, म्हणून त्याची दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करविली. त्या कागदात 'ॲक्सेस' हा शब्द एकदाही आला नाही, आणि त्याची उणीव कोणासही भासली नाही.

त्या दिवशी कागदाचा अर्थ घरातल्या सर्वांना सांगावयाचा होता. कानडी शाळेत शिकलेल्या नातवाला मी म्हटले, "ह्यात 'हक्कु' लिहिला आहे." त्याला समजले. उर्दू वाचणारे एक वृद्ध गृहस्थ साक्षीदार होते. त्यांना 'हक' म्हटले आणि त्यांनी मान डोलावली. माझ्या आप्तांना 'हक्क' म्हटले. अरबीतून आलेला तो एक शब्द तिन्ही भाषांनी आपापल्या घरी केव्हाच नांदवला आहे. चार भाषांच्या त्या मुलखात जो शब्द सर्वांना एकसारखा कळतो, नेमका तोच टंकलेखकाच्या यंत्रातून निसटला होता.

म्हणून श्रोत्यांना माझी विनंती एवढीच आहे. 'राइट ऑफ वे' लिहावयाची वेळ आली, तर आधी स्वतःस विचारावे : मला हक्क म्हणावयाचे आहे, हद्द म्हणावयाची आहे, की अग्रक्रम? हक्क म्हणावयाचा असेल, तर तो शब्द निःसंकोचपणे लिहावा. कोणाच्या जमिनीवरून, कोणत्या जमिनीकडे, कोणत्या प्रकारची वाट आणि केव्हापासून, हे चार तपशील त्यासोबत द्यावेत. सातबाऱ्यावर इतर हक्कांचा रकाना असतो. आपल्या वाटेची नोंद तेथे आहे की नाही, हे एकदा पाहून घ्यावे. आणि शेजाऱ्याशी गोडी असेल, तेव्हाच हे सारे लिहून ठेवावे. भांडण झाल्यावर प्रत्येक शब्दाला धार येते. गोडी असताना तोच शब्द कुंपणाच्या दोन्ही बाजूंच्या माणसांना सांभाळतो.

माझे आप्त आता राहिले नाहीत. शेजारीही राहिले नाहीत. कुंपण आले आणि त्यात वाटेपुरती मोकळी जागा सोडलेली आहे. दोघांची मुले-नातवंडे एकमेकांशी बोलतात की नाही, हे मी विचारीत नाही. गाडीवाट चालू आहे, एवढे मला ठाऊक आहे.